युरिया-डीएपी ब्रिकेट: चार गुंठ्यांत अडीच हजार गोळ्या पुरल्यावर

भाताला घालायच्या, युरिया आणि डीएपी खत दाबून केलेल्या या गोळ्यांना पाच ताऱ्यांतले चार. कापलेला एक तारा माझ्या कमरेचा. दुकानाला दोनच, त्याचं कारण पुढे सांगते.

आमची शेती गुहागर तालुक्यात, जांभ्याच्या उतारावरची कोपरं, म्हणजे भाताचे छोटे तुकडे, सगळी मिळून दहा गुंठे. युरिया फोकायची सवय सासऱ्यांपासूनची. पण इथला पाऊस कसा, तर सकाळी युरिया टाकावा आणि दुपारी बांधावरून पाणी वाहताना बघत बसावं. जे वाहून जात नाही त्यातलंही बरंचसं साचलेल्या पाण्यातून वायू होऊन उडतं. तेच खत चिखलात खोल पुरलं, की हवा न लागल्यामुळे तिथेच धरून राहतं आणि मुळं त्याला शोधत येतात. भात लावायची चार नियमांची जी चारसूत्री पद्धत आहे, त्यातलं चौथं सूत्र ते हेच, कृषिशास्त्रज्ञ डॉ. एन. के. सावंतांचं.

गोळी उशीसारखी, सुपारीच्या खांडाएवढी, वजन 2.7 ग्रॅम. चुडांमध्ये, म्हणजे एकत्र लावलेल्या रोपांच्या जुडग्यांमध्ये, आलटून पालटून 15 आणि 25 सेंटीमीटर अंतर ठेवायचं, म्हणजे चार चुडांचा एक चौकोन होतो. 15 च्या चौकोनाच्या मधोमध एक गोळी, मधलं बोट चिखलात बुडेल इतकी खोल. गुंठ्याला सव्वासहाशेच्या आसपास गोळ्या, वजनात पावणेदोन किलोच्या आत. ऐकायला कमी वाटतं. पण चार गुंठ्यांत अडीच हजार वेळा वाकायचं असतं, आणि तेही लावणी उरकल्या उरकल्या. बांधावर बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "पेरतेस की पुरतेस गो?"

नुसत्या गोळ्यांवर मी विसंबले नाही. चिखलणीच्या आधी बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला गुंठ्याला तीसेक किलो या मापाने तुडवला. रोपवाटिकेत तुसाची काळी राख घातली होती, तिच्यातल्या सिलिकामुळे रोप ताठ येतं. शिवाय या गोळीत नत्र आणि स्फुरद असतं, पालाश नाही. थोडंफार पालाश राख आणि पाल्यातून जातं.

एकाच घरचं कर्जत 3 या जातीचं भाताचं बियाणं तीन ठिकाणी लावलं. वरच्या चार गुंठ्यांत पाला आणि गोळ्या, खालच्या चारांत नेहमीसारखा हप्त्याहप्त्याने युरिया, दारच्या दोन गुंठ्यांत निव्वळ शेणखत. वरच्यातून पन्नास किलोची साडेतीन पोती निघाली, खालच्यातून अडीच, दारच्यातून एक. खालचं भात श्रावणात इतकं काळंशार दिसत होतं की मला माझीच शंका आली होती. नवरात्रात एका वाऱ्याने ते लोळलं, आणि पाण्यात टेकलेल्या लोंब्या कापताना फोल किती आहे ते कळलं. वरचं उभं राहिलं. गिरणीत त्याची कणीही कमी पडली. एकाच हंगामाची गोष्ट आहे, म्हणून यापुढे मी काही म्हणत नाही.

शेणखतवाल्या कोपराबद्दल वाईट बोलवत नाही. तिथली माती हाताला वेगळी लागते आणि गांडुळं भरपूर आहेत. पण शेणखतातलं नत्र टक्क्याच्या आतबाहेर, आणि ते सुटतंही सावकाश. पिकाला फुटवे फुटताना जे लागतं ते वेळेवर मिळत नाही. दोन गुंठ्यांना पुरेल एवढं शेण आता आमच्या दोन गुरांकडून जेमतेम होतं.

आता चवीचं. सासूबाईंचं ठाम मत, रासायनिक खताच्या तांदळाची पेज पाणचट लागते. दिवाळीनंतर मी दोन टोपांत दोन भात शिजवले आणि कोणता कुठला ते न सांगता वाढले. दोन्हीकडचे चार-चार घास खाऊन त्यांनी बोट ठेवलं, "हा शेणखताचा." तो गोळ्यांचा होता. खरं सांगितल्यावर म्हणाल्या, "मग त्यात मीठ बरोबर पडलंय." आमच्या यांना दोन्ही सारखेच लागले, पण त्यांना काल काय जेवलो तेही आठवत नाही.

दुकान बाजारातलं, नाव लिहीत नाही. मी मे महिन्यातच सात किलो गोळ्या घेतल्या. त्याने गोणीतून सुट्या काढून पातळ पिशवीत बांधून दिल्या. आर्द्रा लागेपर्यंत तळच्या थोड्या गोळ्यांची लगदेवजा पूड झाली. शेवटच्या दोन ओळींना म्हणून गोळ्याच उरल्या नाहीत, आणि ती पूड माडाच्या आळ्यात गेली. तक्रार केली तर उत्तर आलं, "वहिनी, पावसाळी हवेला मी काय करू?" बिल मागितलं तेव्हा म्हणे पुस्तक संपलंय.

किलोमागे युरियापेक्षा गोळी बरीच महाग आहे, पण एकदा पुरली की नत्राचा दुसरा हप्ता लागत नाही. ज्यांच्या कोपरात पाणी ठरत नाही, रेताड आहे, त्यांनी यात पैसे घालू नयेत. मी यंदा रोप तयार झाल्याशिवाय घेणार नाही, आणि घ्यायला जाताना घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा बरोबर नेणार आहे. खालच्या कोपरातही गोळ्याच घालायच्या ठरल्यात. वाकायला जाऊबाई तयार आहेत, निदान आज तरी तसं म्हणतात.