इक्वाडोरचा पेन्शनर व्हिसा: क्वेंकात राहू पाहणाऱ्या जोडप्यांसाठी

इक्वाडोरमध्ये सेवा स्वस्त, पण व्हिसाच्या कागदांच्या बाबतीत देश कडक. अट अशी: दरमहा पेन्शन तिथल्या मूळ किमान पगाराच्या तिप्पट. २०२५ च्या ४७० डॉलरप्रमाणे १,४१० डॉलर आणि जोडीदारासाठी आणखी २५०. ईपीएसच्या (भविष्य निर्वाह निधीशी जोडलेल्या कर्मचारी पेन्शन योजनेच्या) पेन्शनवर हे स्वप्नही पाहू नये.

फाइल अडकते ती बहुधा क्रमामुळे. विवाह प्रमाणपत्र, पेन्शनपत्र आणि पोलिस दाखला यांवर आधी अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचं सरकारी प्रमाणन), मगच स्पॅनिश भाषांतर. उलट केल्यास अपोस्टिलचं भाषांतर राहून जातं. पोलिस दाखला १८० दिवसच चालतो, म्हणून तो सर्वांत शेवटी काढा. व्हिसा दोन वर्षांचा. २१ महिने झाले की कायम निवासाचा अर्ज करता येतो.

क्वेंका शहर देखणं, ट्रामही आहे, चलन थेट अमेरिकन डॉलर. मात्र उंची अडीच हजार मीटरच्या वर. हृदय-फुप्फुसाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. कुकर सोबत न्याच. घरांत हीटर सहसा नसतो. भाडेकरार करण्याआधी घर संध्याकाळी पाहावं, दुपारच्या उन्हात सगळंच उबदार वाटतं.