विमानतळांमधलं अंतर सांगणारं ॲप: आठ महिने वापरल्यावर

आमच्या कामाची माणसं दोन छोट्या विमानतळांदरम्यान सतत ये-जा करतात आणि त्यांचं वेळापत्रक लावणं माझ्या गळ्यात आहे. त्यासाठी हे ॲप घेतलं. अंतराच्या बाबतीत डोळे मिटून विश्वास टाकावा असं आहे. वेळेच्या बाबतीत मात्र मी त्याचं ऐकणं सोडून दिलंय.

माझ्या जोडीचं हवाई अंतर ते ३२० किलोमीटर दाखवतं. पृथ्वी ध्रुवांकडे जराशी चपटी आहे, तरी ती पूर्ण गोल धरून हिशोब केला तर फार तर अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो. इथे तो दीड-एक किलोमीटर, म्हणजे धावपट्टीपेक्षा थोडासाच जास्त. घोळ झाला तो एककांचा. ३२० किलोमीटर, १९९ मैल, १७३ नॉटिकल मैल असे तीन आकडे शेजारीशेजारी येतात. पहिल्याच आठवड्यात मी १७३ हे साधे मैल समजलो आणि २७८ किलोमीटर धरून मोकळा झालो. नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा असतो, हे तेव्हापासून पाठ आहे.

आता वेळ. ॲप म्हणतं ५४ मिनिटं. हा आकडा येतो कुठून, ते बरेच दिवस कळेना. लांबच्या-जवळच्या पाच-सहा जोड्या टाकून पाहिल्यावर उलगडा झाला: ताशी ८०० किलोमीटर वेग, वर सरसकट ३० मिनिटं. जेटला हे ठीक आहे. पण छोट्या धावपट्ट्यांवर बहुतेक वेळा एटीआर ७२ सारखं पंख्यांचं विमान येतं आणि त्याचा वेग ताशी ५०० च्या आसपास. म्हणजे नुसतं अंतर कापायलाच ३८ मिनिटं. शिवाय धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, चढणं, उतरणं, वाऱ्याच्या दिशेप्रमाणे दुसऱ्या टोकाने उतरायचं असेल तर वळसा. दार बंद झाल्यापासून उघडेपर्यंत ७० मिनिटांच्या आत काम झाल्याचं माझ्या वहीत क्वचितच सापडेल.

वाऱ्याचा तर ॲपला पत्ताच नाही. समोरून ताशी ६० चा वारा असेल तर ३८ ची ४४ मिनिटं होतात, पाठीमागून असेल तर ३४. जाताना आणि येताना दहा मिनिटांचा फरक! जेटला त्याच वाऱ्याने जेमतेम चार मिनिटांचा फरक पडला असता.

मला सर्वात महागात पडली ती नकाशावरची सरळ रेघ. विमान जात असो वा नसो, ॲप ती काढतंच. एकदा एका सहकाऱ्याचं तिकीट काढायला बसलो तेव्हा कळलं की त्या दिवशी थेट विमानच नव्हतं. मोठ्या विमानतळावरून बदलून जायचं, मध्ये चार तास बसायचं. त्यापेक्षा गाडीने गेलेलं बरं, आणि तो गेलाही.

शोधताना गावाचं नाव टाकू नका, एका नावाची गावं ढीगभर असतात. तीन अक्षरी कोड टाका. बऱ्याच छोट्या धावपट्ट्यांना तो नसतोच, तिथे चार अक्षरी कोड लागतो. तो मात्र हे ॲप नीट ओळखतं, हे मान्य करायला हवं.

तीन तारे. विमानाचा प्रकार निवडायची सोय दिली तर चौथा देईन.