कोलंबो ते बेलिअत्ता : छायाचित्रकाराच्या नजरेतून श्रीलंकेची किनारी रेल्वे

श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर निवांत चार दिवस काढायचे आणि कॅमेराही सोबत न्यायचा, असा बेत असणाऱ्यांना बहुतेक प्रवासी संस्था विमानतळावरूनच वातानुकूलित मोटार घेऊन द्रुतगती मार्गाने निघण्याचा सल्ला देतात. वेळ वाचवायचा असेल तर तो सल्ला योग्यच आहे. पण 2011 मध्ये गॉलपर्यंत खुला झालेला आणि पुढे वाढत गेलेला हा दक्षिण द्रुतगती मार्ग किनारा सोडून आतल्या भातखाचरांतून आणि रबराच्या मळ्यांतून जातो, त्यामुळे समुद्रासाठी आलेल्या माणसाला तासन्‌तास समुद्रच दिसत नाही. श्रीलंका रेल्वेची कोलंबो फोर्ट या मुख्य स्थानकातून निघणारी किनारी गाडी मात्र कोल्लुपिटिया, बंबलपिटिया, वेल्लवत्ते, देहिवला अशी उपनगरे मागे टाकताना लाटांच्या इतक्या जवळून धावते की भरतीच्या वेळी रुळांशेजारच्या दगडांवर फुटलेल्या पाण्याचे तुषार खिडकीपर्यंत येतात. आपल्या कोकण रेल्वेचे सौंदर्य बोगदे, पूल आणि डोंगर यांत आहे, समुद्र तिथे क्वचितच डोकावतो. इथे तो सहप्रवासी असतो. छायाचित्रकाराने हाच मार्ग निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा मार्ग 1890च्या दशकात गॉल आणि मातरापर्यंत पोहोचला आणि एप्रिल 2019 मध्ये मातराच्या पुढे बेलिअत्तापर्यंत वाढवण्यात आला. रुळांची रुंदी भारतातल्यासारखीच, म्हणजे साडेपाच फूट आहे आणि चेन्नईच्या कारखान्यात बांधलेल्या डिझेल गाड्याही श्रीलंकेत धावतात, त्यामुळे आपल्याकडच्या प्रवाशाला डब्यात परके वाटत नाही. आरक्षित जागा काही ठरावीक गाड्यांतच मिळते. मी मात्र दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्गाच्या साध्या डब्यालाच पसंती देईन, कारण वातानुकूलित डब्याच्या बंद आणि बहुधा मळकट काचेतून घेतलेल्या चित्रात आतल्या दिव्यांचे प्रतिबिंब हटकून येते, तर साध्या डब्याची खिडकी पूर्ण उघडते.

बसण्याची जागा कशी निवडावी, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. कोलंबोहून दक्षिणेला जाताना समुद्र उजव्या हाताला असतो. गॉलच्या स्थानकात मात्र मार्ग संपतो, तिथे इंजिनाची बाजू बदलते आणि गाडी आली त्याच टोकाने बाहेर पडून मातराकडे वळते. समुद्र तेव्हाही गाडीच्या उजव्या बाजूलाच असतो, पण गाडीची दिशा उलटल्यामुळे आतापर्यंत समुद्राकडे असलेले आपले आसन जमिनीकडे गेलेले असते. म्हणून गॉलला गाडी थांबली की लगेच पलीकडच्या रांगेत जावे. वेलिगामाचा अर्धवर्तुळाकार उपसागर या पुढच्या टप्प्यात आहे आणि तो हुकवू नये.

प्रकाशाचा हिशेबही याच्याशीच जोडलेला आहे. गॉलपर्यंतचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे सकाळच्या गाडीत सूर्य आपल्या पाठीशी, जमिनीच्या बाजूला असतो आणि पाण्याचा निळा-हिरवा रंग, फेसाची किनार, होड्यांचे रंग हे सारे स्वच्छ उमटते. संध्याकाळी त्याच पट्ट्यात सूर्य थेट समुद्रात उतरतो. तेव्हा रंगांचा नाद सोडून खिडकीशी बसलेल्या माणसांच्या छायाकृती टिपाव्यात. गॉलच्या पुढे किनारा दक्षिणाभिमुख होतो आणि डिसेंबर-जानेवारीच्या दुपारी समोरचे पाणी डोळे दिपवण्याइतके चकाकते, म्हणून या टप्प्यासाठी सकाळ किंवा दुपार कललेली वेळ बरी. धावत्या गाडीतून जवळच्या माडांसाठी शटर सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहूनही कमी वेळ उघडे राहील असे ठेवावे आणि कोपर खिडकीच्या चौकटीवर टेकवू नये, कारण डब्याची सारी थरथर तिथूनच कॅमेऱ्यात उतरते. पाण्यावरची चकाकी घालवणारा ध्रुवक फिल्टर (पोलरायझर) प्रकाशही बराच कमी करतो, तो किनाऱ्यावर पायी फिरताना वापरावा.

दारात लटकून काढलेली छायाचित्रे समाजमाध्यमांवर सतत दिसतात. त्यांचा मोह धरू नये, असे मी कळकळीने सांगतो. सिग्नलचे खांब, पुलांचे कठडे आणि झाडांच्या फांद्या रुळांच्या अगदी लगत आहेत. डब्याच्या आत खिडकीशी बसूनही वळणावर पुढचे डबे आणि समुद्र एकाच चौकटीत येतात. शिवाय आतली दुनियाही कमी देखणी नाही : तळलेल्या वड्यांची टोपली हातावर तोलत जाणारा विक्रेता, शाळेतून परतणारी पांढऱ्या गणवेशातली मुले, खिडकीतून मांडीवर पडलेले उन्हाचे पट्टे. अर्थात, नजरेने का होईना, आधी संमती घ्यावी. सकाळी कोलंबोकडे आणि संध्याकाळी कोलंबोहून निघणाऱ्या गाड्यांत नोकरदारांची दाटी असते, तेव्हा पिशव्या आणि तिपाई घेऊन चढणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.

अंबलनगोडा आणि हिक्कडुवा यांच्यामध्ये पेरालिया हे गाव लागते. 26 डिसेंबर 2004 रोजी त्सुनामीच्या लाटांनी इथे एक भरलेली प्रवासी गाडी उलथवली. सुमारे 1,700 माणसे त्यात गेली आणि रेल्वेच्या इतिहासातला हा सर्वांत भीषण अपघात मानला जातो. समुद्राची ही जवळीक येथील लोकांना किती महाग पडली आहे, हे ठाऊक असणारा प्रवासी पुढच्या किनाऱ्यांवर अधिक जबाबदारीने वावरतो, म्हणून तिथल्या त्सुनामी स्मारकापाशी जरूर थांबावे.

या सेवेचे खरे मोल मला तिच्या लहान स्थानकांत वाटते. हिक्कडुवा, उनावटुना आणि मिरिस्सा ही नावे आता इतकी गाजली आहेत की हंगामात तिथे शांतता मिळणे कठीण. त्याऐवजी संथ गाडी घ्यावी आणि बेंतोटानंतरच्या इंदुरुवासारख्या किंवा गॉलनंतरच्या तल्पेसारख्या, जलद गाड्या सहसा थांबत नाहीत अशा ठिकाणी उतरावे. स्थानकापासून थोडे चालले की वाळू लागते. पहाटे काही किनाऱ्यांवर दोन्ही बाजूंनी जाळे ओढणारे मच्छीमार दिसतात. सिंधुदुर्गातली रापण पाहिलेल्याला ते दृश्य ओळखीचे वाटेल आणि जाळे वाळूवर येण्याचा क्षण कोणता, हेही त्याला आधीच कळेल. कोग्गला-अहंगामा परिसरात पाण्यात रोवलेल्या काठ्यांवर बसणारे मच्छीमार जगप्रसिद्ध आहेत, पण आज त्यांतले बरेच जण पर्यटकांसाठी पैसे घेऊन बसतात. त्यात गैर काही नाही, कष्टाचे मोल द्यावेच. फक्त ते छायाचित्र दैनंदिन मासेमारीचे म्हणून कोणाला दाखवू नये.

मातरा ते बेलिअत्ता हा नवा टप्पा आतल्या बाजूने जातो. त्यात समुद्र नाही, म्हणून दृश्यासाठी नव्हे तर पोहोचण्यासाठी त्याचा उपयोग आहे. बेलिअत्तापासून तंगल्ले हे किनाऱ्यावरचे गाव रिक्षाने जाण्याइतके जवळ आहे आणि संपूर्ण मार्गावर मला सर्वांत आवडलेले किनारे त्याच्याच आसपास आहेत : खडकांनी विभागलेले छोटे पुळण, मागे माडांची गर्द रांग, आणि पोहण्यापेक्षा पाहण्याजोगा, जोरकस समुद्र. पूर्वेला रेकावाच्या वाळूवर रात्री समुद्री कासवे अंडी घालायला येतात. तिथे फ्लॅश किंवा पांढरा दिवा वापरू नये, कॅमेरा खोलीवरच ठेवलेला उत्तम. वाटेत वेवुरुकन्नलाचा प्रचंड बुद्ध पाहिला तर मूर्तीकडे पाठ करून स्वतःचे छायाचित्र काढू नये, श्रीलंकेत तो अनादर समजला जातो.

जाण्याचा काळ डिसेंबर ते एप्रिल. मे ते सप्टेंबर या नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात हाच समुद्र खवळलेला असतो आणि खिडक्या बंद ठेवाव्या लागतात. खारी हवा भिंगावर चिकट थर चढवते, तेव्हा दर संध्याकाळी ते मऊ कापडाने पुसावे आणि वातानुकूलित खोलीतून बाहेर पडताना कॅमेरा काही वेळ पिशवीतच राहू द्यावा, नाहीतर भिंगावर बाष्प धरते. वृद्ध आईवडील किंवा जड सामान सोबत असेल तर ही गाडी मी सुचवणार नाही. मातराच्या पुढे गाड्या मोजक्याच असल्याने बेलिअत्ताला उतरताच परतीच्या गाडीची वेळ स्थानकावर विचारून घ्यावी.