मेडिकलवर मिळणारी 'ऑल इन वन' खाजेची ट्यूब : एक स्टार

ब्रँडचं नाव लिहीत नाही कारण असल्या ट्यूबा ढिगाने मिळतात आणि आतला माल जवळपास सारखाच असतो. माझ्या भावाला मेडिकलवाल्याने जी काढून दिली तिच्यात क्लोबेटासॉल, ऑफ्लॉक्सासिन, ऑर्निडाझोल आणि टर्बिनाफिन अशी चार औषधं एकत्र. आता ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल ही जोडी आपण जुलाब लागले की गोळीतून घेतो, ती जांघेतल्या गजकर्णावर काय दिवे लावणार? बुरशीवरचं औषध त्यात एकच, टर्बिनाफिन.

पहिल्या आठवड्यात विचारलं असतं तर भावाने पाच स्टार दिले असते. लावली त्याच रात्री खाज कमी, लाली गेली, कड बसली, पठ्ठ्या खूश. लावायची बंद केली की परत हजर आणि आधीपेक्षा मोठं, मग परत ट्यूब, परत आराम, आख्खा पावसाळा हेच चाललं होतं आणि वर ओली जीन्स घालून बाईकवर फिरणं चालूच.

माझं मायक्रोबायोलॉजी झालंय म्हणून जरा खोलात सांगते. ही बुरशी कातडीच्या सगळ्यात वरच्या मेलेल्या थरातलं केराटिन (केस-नखांतही असतं ते प्रथिन) खाऊन जगते. तिच्या पेशींच्या भिंतीत बीटा-ग्लुकन नावाची साखरेची साखळी असते, ती आपल्या शरीरात बनतच नाही, त्यामुळे पहाऱ्यावरच्या मॅक्रोफेज आणि डेन्ड्रिटिक पेशी डेक्टिन-१ नावाच्या रिसेप्टरने (पेशीवरच्या ओळखपट्टीने म्हणा) ती बरोबर हेरतात. मग टी-सेल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) जागे होतात, त्यातल्या टीएच-१७ पेशी आयएल-१७ नावाचा रासायनिक निरोप सोडतात, त्याने कातडीच्या पेशी बुरशी मारणारी प्रथिनं बनवायला लागतात आणि रक्तातून न्यूट्रोफिल (जंतू खाणाऱ्या पांढऱ्या पेशी) येऊन भिडतात. गजकर्णाची ती लाल उठलेली कड म्हणजे ही मारामारी. मधला भाग साफ होत जातो, बुरशी बाहेर सरकते, म्हणून तर गोल दिसतो. (सोरायसिसवर आयएल-१७ अडवणारी इंजेक्शनं देतात ना, त्या पेशंटना तोंडात कॅन्डिडा ही दुसरी बुरशी होण्याचं प्रमाण वाढतं, यावरून समजा आयएल-१७ किती कामाचं आहे ते.)

आता ट्यूबमधलं क्लोबेटासॉल. हे लावायच्या स्टेरॉइडमधलं एकदम जहाल. रक्तवाहिन्या आकसतात म्हणून लाली जाते, पेशींचे एकमेकींना जाणारे निरोप दबतात म्हणून खाज थांबते, आणि न्यूट्रोफिल यायचेच कमी होतात. थोडक्यात चोर घरातच आहे आणि आपण वॉचमनला झोपेची गोळी दिलीय. वर तो गोल आकारही पुसट होतो, त्यामुळे डॉक्टरलाही ओळखायला त्रास, याला टीनिया इनकॉग्निटो असं नावच आहे. २०२१ मध्ये कोविडनंतरच्या म्युकरने (काळ्या बुरशीने) आपल्याकडे काय हाल केले आठवतंय ना? ती बुरशी वेगळी, स्टेरॉइड पण पोटातून किंवा शिरेतून दिलेलं, पण शुगर वाढलेली आणि त्यात स्टेरॉइड म्हटल्यावर बुरशीला अडवणाऱ्या याच पेशी ढिल्या पडलेल्या.

मग टर्बिनाफिन तरी काम करेल की, असं वाटतं. पण आपल्याकडे सध्या ट्रायकोफायटॉन इंडोटिनी नावाचा जो प्रकार पसरलाय (हे नाव २०२० चं), त्याच्यावर टर्बिनाफिन बरेचदा चालतच नाही.

सगळ्यात राग कशाचा, तर असली स्टेरॉइडवाली मलमं २०१८ पासून शेड्यूल एच मध्ये आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत. ट्यूबवर तसं छापलंय पण, मुंगीच्या अक्षरात. मेडिकलवाल्याने चिठ्ठी मागितली नाही, "दिवसातून दोनदा लाव" म्हणाला आणि पुढचं गिऱ्हाईक घेतलं.

शेवटी भावाला ओढत स्किनवाल्या मॅडमकडे नेलं. त्यांनी ब्लेडने कडेची कातडी हलकी खरवडून काचेवर घेतली, वर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला, केराटिन विरघळलं आणि मायक्रोस्कोपखाली पेरापेरांचे लांब धागे स्वच्छ दिसले, इतके महिने ट्यूब चोपडून सुद्धा. आता बुरशीवरचं इट्राकोनॅझोल पोटातून, स्टेरॉइड पूर्ण बंद, टॉवेल वेगळा, कपडे गरम पाण्यात. पहिले काही दिवस लाली-खाज उलट भडकली, ते होणारच असं मॅडमनी आधीच सांगितलं होतं. गजकर्ण उतरतंय, पण जांघेत स्टेरॉइडने कातडी पातळ होऊन जे पट्टे उमटलेत ते काही पूर्ण जायचे नाहीत म्हणाल्या.