मायक्रो-निक्कोर ५५ की टॅमरॉन ९०?

जुनी, हाताने फोकस करायची मॅक्रो लेन्स (लहान वस्तूंचे जवळून फोटो काढायची) शोधायला लागलं की फिरून फिरून ही दोन नावं पुढे येतात: निकॉनची मायक्रो-निक्कोर ५५ मिमी एफ/२.८ आणि टॅमरॉनची एसपी ९० मिमी एफ/२.५. दोन्ही १९८०च्या आसपास बाजारात आलेल्या, दोन्ही जास्तीत जास्त १:२ मॅग्निफिकेशन देणाऱ्या, म्हणजे सेन्सरवर वस्तूची प्रतिमा खऱ्या आकाराच्या निम्मी. शार्पनेसवरून हवं तितकं भांडता येईल, पण एफ/८ ॲपर्चरला (लेन्समधल्या, प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राच्या मापाला) काढलेल्या फोटोंवरून लेन्स ओळखून दाखवणं अवघडच.

निवड ठरते ती अंतरावर. १:२ला निक्कोर सेन्सरपासून २५ सेमीवर फोकस होते, टॅमरॉन ३९ सेमीवर. यातून लेन्स आणि कॅमेऱ्याची जाडी वजा केली की निक्कोरपुढे फारच थोडी जागा उरते. नाणी, तिकिटं, जुन्या स्लाइड यांना त्याने काही बिघडत नाही, उलट कॉपी स्टँडवर (कॅमेरा खाली तोंड करून धरणाऱ्या स्टँडवर) ५५च सोयीची. चतुर किंवा फुलपाखरू मात्र तेवढं जवळ येऊ देत नाही, आणि दिलंच तर लेन्सची सावली त्याच्यावर पडते. क्रॉप सेन्सरवर, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर, ५५ मिमीची लेन्स ८२ मिमीसारखी दिसते म्हणून खूश होऊ नका. फ्रेम घट्ट होते, १:२चं अंतर तेवढंच राहतं.

१:१ (सेन्सरवर खऱ्या आकाराएवढी प्रतिमा) हवं असेल तर निक्कोरला २७.५ मिमीची एक्स्टेंशन रिंग (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसवायची पोकळ कडी) पुरते, टॅमरॉनला ४५ मिमी लागते. १:१ला प्रकाश दोन स्टॉपने घटतो, म्हणजे चौथा हिस्सा उरतो, तो दोघींचाही.

वापरलेली निक्कोर घेताना ॲपर्चरची पाती आधी बघा. त्यांच्यावर तेल उतरणं हे या लेन्सचं नेहमीचं दुखणं. रिंग १६वर ठेवून मागची दांडी सरकवून सोडा. पाती झटकन मिटली पाहिजेत. मिररलेस कॅमेऱ्यावर (आत आरसा नसलेल्या) ॲडॅप्टर लावून वापरणार असाल तर थोडी सुस्त पाती चालून जातात, कारण तिथे ॲपर्चर आपणच आधी मिटवून ठेवतो. बुरशी मात्र दोन्हींत टॉर्च मारून तपासायचीच.

टॅमरॉनची गंमत तिच्या ॲडॅप्टॉल-२ माउंटमध्ये (कॅमेऱ्याला जोडणाऱ्या भागात) आहे. मागची रिंग बदलली की तीच लेन्स दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यावर चढते. विकणारे पुष्कळदा ही रिंग न देताच लेन्स विकतात, तेव्हा ती सोबत आहे का हे विचारूनच भाव ठरवा.