कॅम्पातली कोलकाता बिर्याणी: बटाट्यासाठी जावा, मटणाचं नशीब

बेळगावच्या कॅम्पात कोलकाता बिर्याणीचा नवा गाडा लागलाय, नाव लिहीत नाही कारण पुढं तक्रार करणार आहे. शनिवारी दाजींना घेऊन टिळकवाडीतनं निघालो, दुसऱ्या रेल्वे गेटात अडकलो, पोचेपर्यंत भूक अशी की नुसतं रायतं पण प्यालो असतो.

प्लेट आली तर फिकट पिवळा भात, केवड्याचा वास, उकडलेलं अंडं, मटणाचा एकच मोठा पीस आणि हाताएवढा अर्धा बटाटा. दाजी म्हणाले, "बटाटाच घालायचा तर वडा केला असता की ओ." शेरवा देत नाहीत, मागू नका. मटण वातड होतं, दाजींची कवळी थोडक्यात वाचली. पण तो बटाटा! चमचा टेकवला की फुटतोय, आतपर्यंत मटणाचा रस मुरलेला, मी दाजींच्या प्लेटमधला पण उचलला.

गाड्यावर बोर्ड आहे, अवधचे नवाब वाजिद अली शाह गरीब झाले, मटण परवडेना म्हणून बटाटा आला. हे काय मला पटत नाही बघा. 1856 ला इंग्रजांनी कारभार नीट नाही म्हणून अवध खालसा केलं, हा माणूस कलकत्त्याला गेला, आई दाद मागायला थेट लंडनला गेली आणि परत येताना पॅरिसमध्ये वारली. सत्तावनच्या बंडात ह्याला तिथल्या फोर्ट विल्यम किल्ल्यात डांबलं, सुटल्यावर कलकत्त्याजवळच्या मटियाबुर्जला 1887 पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत राहिला. पण पेन्शन वर्षाला 12 लाख, आणि त्यात वाघ पाळलेले! वाघाला मटण आणि पाहुण्याला बटाटा, असं कुठं असतंय काय? तेव्हा बटाटा नवलाईचा होता, शान म्हणून घातला असणार.

'अख्तर' नावानं उर्दू शायरी करायचा, कैदेतल्या दिवसांवर पण लिहिलंय. 'बाबुल मोरा' ही भैरवीतली ठुमरी त्याचीच म्हणतात. हे सांगितलं आणि चुकलंच माझं, कुमार गंधर्व आमच्या सुळेभावीचे म्हणून दाजी गाण्यावर हक्कच सांगतात, तिथंच हात न धुता भैरवी सुरू. गाडेवाला खूश, एक अंडं फुकट दिलं.

आता तक्रार. मंगळवारी पार्सल आणलं, 220 रुपये, घरी उघडलं तर बटाटाच नाही. फोन केला तर म्हणतो, "आलू खतम हो गया भैया." बटाटे पिकवणाऱ्या बेळगावात!