दुरुस्तीला दिलेली आरामखुर्ची परत आली ती दुसरीच

वाईच्या आमच्या घरात पणजोबांपासून चालत आलेली शिसवी आरामखुर्ची होती. हातांखालच्या लांब पट्ट्या बाहेर फिरवून त्यांवर पाय टाकून पडता येईल, अशी. गेल्या वर्षी तिचा वेत फाटला आणि मागच्या पायाची एक खुंटी निघाली, म्हणून जुन्या फर्निचरची दुरुस्ती करणाऱ्या एका कारागिराला बोलावले. पायाला भुंगेरा लागला आहे, औषध घालून महिनाभर ठेवावी लागेल, असे सांगून त्याने ३,००० रुपये आगाऊ घेतले आणि खुर्ची टेम्पोतून नेली. पावतीवर ‘जुनी खुर्ची, १ नग, पॉलिश व वेत’ एवढेच लिहिले होते. ती वाचूनही मी मुकाट्याने घडी करून ठेवली, याचा मला आजही पश्चात्ताप होतो.

परत आलेली खुर्ची आकाराने आणि रंगाने हुबेहूब होती. पण जी हलवायला नेहमी दोन माणसे लागत, ती माझ्या बहिणीने एकटीने उचलून ओटीवर नेली, तेव्हा मनात पाल चुकचुकली. आम्ही ती उलटी केली. मूळ चौकटीला एकेक भोक पाडून वेत ओवलेला होता. हिच्यात तयार जाळी खाचेत दाबून वरून पट्टी चिकटवली होती. सांध्यांत लाकडी खुंट्यांऐवजी स्क्रू होते, त्यांवर लांबी (भोके बुजवायची पुट्टी) भरून काळे पॉलिश फासले होते आणि ते खरवडताच खाली फिकट लाकूड दिसले. निघालेली खुंटी मी देव्हाऱ्याच्या खणात जपून ठेवली होती. ती बसेल असे भोकच या खुर्चीला नव्हते.

विश्वासाने सोपवलेली वस्तू हडप करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली गुन्हा आहे, म्हणून तक्रार दिली. तिथे पहिला प्रश्न आला तो मूळ खुर्चीच्या खुणांचा, आणि आमच्याकडचे सगळे फोटो तिच्यावर बसलेल्या माणसांचे. खुर्ची त्यांच्याआड झाकलेली.

आपल्या घरी अशी वस्तू असेल, तर तिच्या खालच्या बाजूचे आणि सांध्यांचे फोटो आजच काढून ठेवावेत आणि पावतीवर लाकूड व विणीचा प्रकार लिहून घ्यावा. वेत विणणारे आणि लाखेचे पॉलिश करणारे कारागीर घरी येऊनही काम करतात. शक्यतो तसेच करून घ्यावे. भुंगेरा लागला असे कोणी म्हणाले, तर लाकडाखाली पडणारी पिठासारखी ताजी भुकटी दाखवायला सांगावी. आमच्या खुर्चीखाली ती कधीच नव्हती.